चुंगडीवरचा गोलकीपर

माझा धंदा पोरं पळवण्याचा. लग्नाच्या पंगतीत कुणी नवखा शेजारी बसला आणि त्यानं "आपण काय करता?" असं विचारलं, की मी हे उत्तर मुद्दाम मोठ्यानं देतो. त्याचा घास हवेत थांबतो. मग मी शांतपणे वरण वाढून घेतो आणि पुढचं सांगतो, "फुटबॉलची पोरं. कॉलेजसाठी."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका खासगी कॉलेजात मी क्रीडा अधिकारी आहे. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि हाताला कायमचा चुना, मैदानावरच्या रेषांचा. लोकांना वाटतं शिट्टी वाजवणं हेच माझं काम. शिट्टी कुणीही वाजवील. खरं काम उन्हाळ्यात असतं. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तोच खेळतो ज्याचा प्रवेश शेवटच्या तारखेच्या आत झालाय. म्हणजे संघ मैदानावर नंतर तयार होतो. आधी तो गावोगावच्या अंगणांत, बापाच्या समोर बाजेवर बसून, चहा पीत तयार करावा लागतो.

माझ्या उमेदीच्या काळात एका स्ट्रायकरचा भाव ठरलेला होता: स्टडच्या बुटांची एक जोडी, सामन्याच्या दिवशी चार उकडलेली अंडी, आणि बापाला दिलेला शब्द की "पोराच्या हजेरीचं मी पाहतो." एक सेंटर हाफ तर मी त्याच्या बहिणीचा जातीचा दाखला तहसिलीतून काढून देऊन मिळवला होता. तो चार वर्षं खेळला. दाखला अजून चालतो आहे.

मग बंटीशेठ उगवले.

वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्यांचे हे धाकटे चिरंजीव. इंदूरहून एमबीए करून आले आणि बापाच्या गादीवर न बसता खुर्चीवर बसले. एके दिवशी माझ्या खोलीत येऊन त्यांनी मोबाइल माझ्या नाकाला लावला. अमेरिकेत म्हणे कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना आता आपलं नाव आणि आपला चेहरा विकता येतो. गाडीवाले, पिझ्झावाले, बुटवाले त्यांना पैसे देतात. ज्या गावात पैसे जास्त, त्या गावच्या कॉलेजात पोरगं दाखला घेऊन निघून जातं. त्यांचा फुटबॉल हातानं खेळायचा असतो हा भाग सोडा.

"सर," बंटीशेठ डोळे चमकवून म्हणाले, "वहाँ अब कोच लड़के को नहीं चुनता. लड़का दुकान देखकर कोच चुनता है."

मी पोट धरून हसलो. पुढच्या वर्षी हसायचा थांबलो.

कारण हा मोबाइल काही एकट्या बंटीशेठकडे नव्हता. आमच्या लेफ्ट विंगरला बसस्टँडजवळच्या एका सलूननं धरलं. काचेवर त्याचा मोठा फोटो, बदल्यात दर आठवड्याला केस आणि वर महिन्याला काही रक्कम. उत्तम. पहिल्याच सामन्यात कॉर्नरवरून चेंडू असा लोण्यासारखा त्याच्या कपाळाकडे आला, आणि हा गडी खाली बसला.

"अबे, डोकं लाव ना!" मी बाहेरून ओरडलो.

"सर, हेडर काँट्रॅक्टमधी नाही!" तो बसल्याबसल्या ओरडला. "जेल लावलं हाय!"

राइट बॅकला एका कोचिंग क्लासनं घेतलं. चौकात फ्लेक्स लागला: 'हमारा होनहार छात्र'. छात्राचे तीन पेपर राहिले होते. फ्लेक्स पाहून त्याच्या बापानं त्याला पहिल्यांदा मिठी मारली, आणि राइट बॅक पुढे आठवडाभर अपराधी चेहऱ्यानं खेळला. समोरच्या प्रत्येकाला वाट करून द्यायचा.

या सगळ्यात आमच्या संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांना एक कल्पना सुचली. कॉलेजचं मैदान लग्नाच्या लॉनसाठी द्यायचं. नकाशासुद्धा तयार: मधोमध स्टेज, एका गोलपोस्टच्या जागी आइस्क्रीमचा काउंटर, दुसऱ्याच्या जागी पाणीपुरी. मी बैठकीत इतकं करुण भाषण केलं (गणपतीच्या नाटकांत मी वीस वर्षं राजे आणि बाप केले आहेत) की दोन प्राध्यापक रुमाल शोधू लागले. सेक्रेटरी साहेब रुमालाचे नव्हते. ते म्हणाले, "या वर्षी ट्रॉफी आणा. नाही तर लॉन."

आणि माझ्याकडे गोलकीपरच नव्हता. आधीचा अखेर आठव्या वर्षी पदवीधर झाला होता.

तो मला सापडला रामपायलीजवळ, मे महिन्यात. उन्हाळी धान कापून झाला होता. एका शेतात भाऱ्यांचा उंच ढीग रचणं चाललं होतं, ज्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. खालून बैलगाडीतून एक जण भारे भिरकावत होता आणि वर एक लांब हातांचा पोरगा ते झेलून रचत होता. डावीकडे, उजवीकडे, पाठीमागे, कुठेही फेका. भारा त्याच्या हातात. मी मोटारसायकल थांबवली, डिकीतून चेंडू काढला आणि न सांगता फेकला.

त्यानं तो झेलला, दोन भाऱ्यांच्या मधे नीट बसवला आणि पुढच्या भाऱ्यासाठी हात पसरले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत.

प्रफुल नागपुरे त्याचं नाव. बारावी पास, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. त्याच्या घरी मी बुटांची जोडी घेऊन पोहोचलो तेव्हा कळलं की वारासिवनीच्या कॉलेजचे ढोके सर आदल्या दिवशीच येऊन गेले. ढोके माझा जुना मित्र, माझ्याच धंद्यातला आणि माझ्याइतकाच नालायक. त्याच्यामागे विजेच्या स्कुट्यांचं एक शोरूम उभं होतं. बुटांनी काही होणार नव्हतं. मी बंटीशेठना फोन लावला.

दोन दिवसांनी आम्ही बाजेवर बसलो. बंटीशेठनी टाइप केलेला कागद उलगडला. प्रफुलला दर महिन्याला पगार, घराला तांदूळ. बदल्यात त्याचं नाव आणि चेहरा मिलच्या नव्या चिन्नोर तांदळाच्या पिशवीवर, म्हणजे त्या पंचवीस किलोच्या प्लास्टिकच्या पोत्यावर, ज्याला आम्ही चुंगडी म्हणतो. ग्लोव्हज घातलेले पसरलेले हात आणि खाली ओळ: 'प्रफुल ब्रँड – एक दाना भी नहीं छूटता'.

प्रफुलचे वडील प्रत्येक कलमाला "हौ" म्हणाले. प्रश्न विचारले ते त्याच्या मायनं, सुगंधाबाईंनी.

"पोराचा फोटो दुकानात लागन?"

"दुकान में भी, काकी, और घर-घर में भी," बंटीशेठ म्हणाले.

"घरोघरी?" बाईंचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

आता वाचकहो, मला त्या अंगणात परत नेऊन उभं करा आणि विचारा की तुम्ही सगळे आंधळे होता का. आम्ही तिथं पाच शहाणी माणसं होतो. प्रत्येकाच्या घरी तांदूळ खातात. तांदूळ संपल्यावर चुंगडीचं काय होतं हे आमच्या जिल्ह्यात रांगतं पोरही सांगेल. ती दारात जाते. चिखलाचे पाय तिच्यावर पुसतात. उरलेल्या चुंगड्या म्हशीच्या पाठीवर, खिडकीच्या फुटक्या काचेला, पावसात डोक्यावर. त्या क्षणी माझ्या मोटारसायकलच्या सीटवर ऊन लागू नये म्हणून एक चुंगडीच पसरलेली होती, आणि सही झाल्यावर मी तिच्यावरच बसून घरी गेलो. एकालाही सुचलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला माल बाजारात आला. तांदूळ खरोखरच चांगला होता. लोकांनी भराभर खाल्ला, आणि तिथंच घात झाला.

सुगंधाबाई लामत्याला भाचीकडे बारशाला गेल्या. भाची दारात आली.

"मावशी, ये ना आत. बाहेर काहून उभी?"

"कशी येऊ?" बाई म्हणाल्या. "प्रफुल झोपला हाय इथं."

उंबऱ्यासमोर प्रफुल हात पसरून पडला होता आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर कुणाच्या तरी पायाचा पूर्ण पंजा उमटला होता. बाईंनी चुंगडी उचलली, झटकली, पदरानं चेहरा पुसला, घडी करून काखेत मारली. बारशाला त्या आत गेल्याच नाहीत. गल्लीतलं एकेक दार पाहत निघाल्या. तिसऱ्या दारात एक प्रफुल. हौदाजवळ एक. एका म्हशीच्या पाठीवर दोन शिवून जोडलेले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कुठल्या कोचला करताना पाहिलं नाही. जुन्या लुगड्यांची जाड पायपुसणी शिवली, गाठोडं बांधलं आणि बसमधून गावोगाव फिरू लागल्या. दारात प्रफुल दिसला की लुगड्याचं पायपुसणं द्यायचं आणि पोरगा घेऊन यायचा. "हे घे बाई, नवं हाय. माहं मले दे." कुणी नाही म्हटलं नाही. म्हशीवाल्यानं तेवढी थोडी कुरकुर केली. म्हशीला थंडी वाजते म्हणाला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ढोकेला सगळं ठाऊक होतं.

साखळी सामना वारासिवनीच्या कॉलेजशी, त्यांच्या मैदानावर. आमचा संघ उतरला तेव्हा त्यांच्या तंबूसमोर ओळीनं सहा चुंगड्या अंथरलेल्या. त्यांचा एकेक खेळाडू मैदानात जाताना थांबायचा, बुटाचे स्टड प्रफुलच्या तोंडावर नीट घासायचा आणि पुढे पळायचा. अकराच्या अकरा. मग राखीव. मग पाणी देणारा. शेवटी ढोके स्वतः चपला पुसून गेला आणि माझ्याकडे बघून त्यानं टोपी काढली.

प्रफुलचे हात गोलमधे होते, डोळे त्या तंबूपाशी. तीन गोल झाले. त्यातला एक तर त्याच्या पायांतून सरपटत गेला.

"अबे, दाना सुटला रे!" लोक ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाई कॉलेजात हजर. एका काखेत गाठोडं, मागे मान खाली घातलेला प्रफुल.

"टी.सी. पायजे," त्या म्हणाल्या. "पोरगा खेळनार नाही."

टी.सी. देणारे बाबू नाश्त्याला गेले होते. आमच्या कॉलेजचं आजवर जे काही भलं झालं ते बाबूंच्या नाश्त्याच्या सुट्टीतच झालं आहे. गुणांच्या जोरावर आम्ही अंतिम सामन्यात कसेबसे बसत होतो. समोर पुन्हा ढोके. गोलकीपर गेला की ट्रॉफी गेली, ट्रॉफी गेली की मैदान गेलं. मी बाईंना माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि बंटीशेठना बोलावलं. ते अर्ध्या तासात आले, केस ओले.

बाईंनी गाठोडं सोडलं. जाळ्यांच्या आणि पंक्चर चेंडूंच्या मधे प्रफुलच प्रफुल पसरले. काहींवर पंजे, काहींवर शेण, एकाच्या तोंडाला म्हशीचे केस.

"काकी, ये ब्रँडिंग है," बंटीशेठ चाचरत म्हणाले.

"थे मले नाही समजत. येवढं सांग, तुह्या घरच्या दारात काय हाय?"

"डोअरमॅट."

"त्याच्यावर कोन हाय?"

"कोई नहीं. वेलकम लिखा है."

"मंग माह्या पोराच्या तोंडावर काहून?"

बंटीशेठनी रुमालानं मान पुसली. म्हणाले, नव्या चुंगडीवर छापून टाकू: 'इस पर पैर न पोंछें'.

"ज्याले तोंड दिसलं नाही," बाई म्हणाल्या, "त्याले अक्षर दिसन?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. असा संवाद मला वीस वर्षांत एकाही नाटकात मिळाला नव्हता.

"असं कर," त्या पुढे म्हणाल्या. "माह्या पोराच्या बाजूले तुह्या बापाचा फोटो लाव. शेठजीचा. मंग मी पोराले आताच मैदानावर पाठोतो."

बंटीशेठचा रुमाल पुन्हा मानेकडे गेला.

"पिताजी मुझे घर से निकाल देंगे," ते म्हणाले.

"पाह्य. समजते ना तुले."

प्रफुल खाली बसून आपल्याच चेहऱ्याच्या घड्या करत होता, भारे रचावेत तशा, कडेला कड लावून. हा पोरगा मी पळवून आणला होता, आणि आणताना त्याचा चेहरा कुठं जाणार हे विचारायचं काम माझं होतं. बंटीशेठ इंदूरला शिकले. मी तर दारात चुंगडी असलेल्या घरातच वाढलो.

"हा कागद कोनं आनला होता?" बाईंनी विचारलं. पाहत मात्र त्या माझ्याकडेच होत्या.

रंगमंचाची सवय वाईट. प्रश्न असा ठसक्यात आला की माझा पाय आपोआप पुढे पडला, हात छातीवर गेला आणि आवाज निघाला, "मी! छापायचाच असेल तर माझा चेहरा छापा!"

टाळ्या पडल्या नाहीत. बंटीशेठ मात्र उठले, दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटून त्यांनी माझ्या पांढऱ्या मिशा, टक्कल आणि सुटलेले गाल नीट न्याहाळले.

"सर," ते हळूच म्हणाले, "आप तो एकदम पुराना चावल लगते हो."

आमच्याकडे जुन्या तांदळाला मान फार. सौदा तिथंच ठरला. नाव प्रफुलचं राहील, पगार प्रफुलला मिळेल, तोंड माझं लागेल. तीन वर्षांचा करार, मी न वाचता सही केली. मला काय मिळालं? गोलकीपर.

सुगंधाबाईंनी चहा संपवला. जाताना दारात थांबल्या.

"सर, घरी बाईले इचारलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग अजून येळ हाय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

बायकोला मी सांगितलं नाही. तिला ते किराणावाल्यानं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता तुमच्याशी बोलायला मैदानावर यायला नको."

मधे विद्यापीठाच्या परीक्षा आल्या आणि अंतिम सामना पुढे ढकलला गेला. तोवर नवा माल बाजारभर झाला. सामन्याच्या आदल्या दिवशी ढोकेनं जुन्या चुंगड्या शोधल्या. एकही मिळाली नाही, सगळ्या, त्याच्या तंबूसमोरच्या सहासुद्धा, रामपायलीला सुगंधाबाईंच्या घरी कडेला कड लावून ठेवलेल्या होत्या. मग त्यानं कुणाला तरी बाजारात पिटाळून 'प्रफुल ब्रँड'च्या नव्या मागवल्या आणि न पाहता अंथरून टाकल्या.

आमचा संघ मैदानात उतरत होता. प्रफुलनं सवयीनं त्या तंबूकडे पाहिलं. तिथं मी होतो. ओळीनं सहा वेळा, मिशा फेंदारून, ग्लोव्हज घालून, हात पसरून. त्यांच्या स्ट्रायकरनं माझ्या टकलावर बूट ठेवला आणि तो जागच्या जागी थबकला. खालच्या मला पाहिलं, मग रेषेजवळच्या मला पाहिलं. मी पुढे जाऊन कमरेत वाकून म्हणालो, "पुसा, पुसा. संकोच नको."

प्रफुल हसला. गोलपोस्टला धरून, वाकून, खांदे हलेपर्यंत हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यानं ग्लोव्हज ओढले आणि दीड तास एकही चेंडू आत जाऊ दिला नाही.

आमचा एक गोल झाला, तोही हेडरनं. सलूनचा करार आदल्याच आठवड्यात संपला होता.

शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. मी डोळे मिटले आणि आइस्क्रीमचा काउंटर दिसला. धप्प असा आवाज झाला. डोळे उघडले तर चेंडू प्रफुलच्या हातात. त्यानं तो शेजारी गवतावर नीट ठेवला, हातानं दाबून बसवला आणि पुढच्यासाठी दोन्ही हात पसरले.

रेफरीनं शिट्टी वाजवली. मैदान वाचलं. निदान यंदापुरतं, असं सेक्रेटरी साहेब म्हणाले.

जूनमधे प्रफुल आला, मायला घेऊन. दोघांनी माझ्यासाठी घरचा चिन्नोर आणला होता, साध्या कोऱ्या पिशवीत.

"सर, राग नका मानू," सुगंधाबाई म्हणाल्या. "ढोके सर घरी येऊन गेलते. तिथं पगार जास्त हाय. अन् फोटो स्कुटीच्या शोरूमवर, उंच. कोनाचा पाय लागत नाही."

टी.सी.चे बाबू त्या दिवशी नेमके जागेवर होते.

मी राग मानला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. थोडा मानला. पूर्वी पोरगं चार वर्षं माझं असायचं, चार अंड्यांत आणि एका शब्दात. पण पुंजण्यावर उभं राहून त्यानं जे झेललं त्याचे पैसे त्याला कुणी दिले होते? त्याला आता भाव मिळतो आहे आणि तो भावाकडे जातो आहे. मी स्वतः त्याला तसाच आणला होता. मी सही केली, प्रफुलनं पाया पडायला हात पुढे केले, मी मागे सरकलो. त्या वर्षी माझ्या चेहऱ्यावर पुष्कळ पाय पडून झाले होते.

माझा करार अजून चालू आहे. बालाघाट जिल्ह्यात मी आता कुठेही गेलो की लोक आधी माझ्याकडे पाहतात, मग खाली. ओळख सांगावी लागत नाही. एका घरी मला प्रफुलसर म्हणतात, मी दुरुस्त करत नाही.

परवा लामत्याला गेलो होतो. तिथं एक पोरगी आहे, विटांच्या भट्टीवर विटा झेलते, एका वेळी दोन. मुलींचा संघ यंदापासून काढायचा आहे. दारात पोहोचलो तर उंबऱ्याशी मी पडलेलो. नाकावर चिखल, एक मिशी झिजून गेलेली. तिचा बाप बाहेर आला. त्यानं मला पाहिलं, खाली पाहिलं, परत मला पाहिलं, आणि घाईनं वाकला.

"अरे बाप्पा! थांबा सर, उचलतो..."

"राहू द्या," मी म्हणालो. "पोरीचा फोटो कुठं लागणार, ते आधी बोलू."

आणि स्वतःच्या तोंडावर दोन्ही पाय नीट पुसून मी आत गेलो.